शेपटीचा पुरावा

अण्णा : वटवाघळांचा पाच कोटी वर्षांचा इतिहास आज पाम गावच्या या गच्चीवर बदलणार आहे, सोमी!

सोमी : बदला. पन पयले पाय उचला. वालत घातलेल्या जवल्यावर उभं रायलाव.

अण्णा : आज मेहुलचा सूड! माझा विद्यार्थी तो. तारापूरच्या पडक्या बुरुजात बारा वर्षं वटवाघळं मोजली मी. तेव्हा लेख छापला त्याने, आणि शेवटी काय? 'एका स्थानिक रहिवाशाचे आभार'!

सोमी : मंग? रहिवासी नाय का तुमी?

अण्णा : त्याला प्राणिशास्त्र मी शिकवलं! ही उंदरासारख्या लांब शेपटीची वटवाघळं. किडे खातात, अंगाने बारकी, म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं बारक्यांच्याच कुळात बसवली. जनुकं तपासली तेव्हा कळलं, ही त्या चिकू खाणाऱ्या धुडांची भावकी!

सोमी : भावकी लग्नातच कलते. जेवाया कोन येतंय त्यावरनं.

अण्णा : ऐक. सहा वर्षांपूर्वी मी मेहुलला एक मेलेलं वटवाघूळ पाठवलं. आखूड शेपटीचं.

सोमी : माज्या मांजरीनं धरलेलं? आवो, त्याची शेपूट तिनंच तोडलेली!

अण्णा : हळू! तिच्या तोंडातून काढून या तपकिरीच्या डबीत जपलीय मी. आणि त्या गाढवाने काल नव्या लेखात जाहीर केलं, नवी प्रजाती! चष्मा लाव म्हणून हजारदा सांगायचो त्याला. आता हे पत्र नि ही डबी थेट संपादकाकडे. प्रजाती रद्द, मेहुलचं जन्मभराचं हसं!

सोमी : ह्यो नवा लेख पुरा वाचलाव?

अण्णा : 'आखूड शेपूट' एवढंच. पुढे आनंदाने वाचवेना.

सोमी : आमच्या रूपलनं मोबाइलवर वाचलंन. नाव काय ठेवलंय ठाव हाय?

अण्णा : स्वतःचं. दुसरं काय ठेवणार तो!

सोमी : तुमचं.

अण्णा : …काय?

सोमी : 'ज्यांनी मला बुरुज दाखवला त्या सरांचं.' असं लिवलंय. ती परजाती रद झाली का नाव बी जाईल?

अण्णा : जाईल.

सोमी : मंग द्या पत्र. बोईसरला चाललेय, टाकते टपालात.

अण्णा : जवळा छान वाळलाय गं यंदा.

सोमी : अण्णा, पत्र.

अण्णा : तुझी मांजर कुठंय? जरा हाक मार बघू तिला, या डबीतलं तिचं तिला परत देतो.