भाऊसाहेबांनी न मोजलेले पक्षी

वहिनी, विहारात जमलेल्या बंधू-भगिनींनो, आणि कचेरीतून आलेली मंडळी,

मी शाळेतली बाई. रोज चाळीस पोरांपुढे बोलते. पण आज इथे उभी राहिले आणि पहिलं वाक्यच सापडेना. समोर फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि मला सारखं वाटतंय की भाऊसाहेब मागच्या रांगेतून म्हणतील, "बाई, आवरा आता, लोकांना घरी जायचंय."

आपले गायकवाड भाऊसाहेब. तहसील कचेरीतले अव्वल कारकून. त्यांच्या टेबलाबद्दल माझ्याआधी सगळे बोलले. त्या टेबलाचा अनुभव इथे कोणाला नाही? कागद अडला नाही आणि हात ओला करावा लागला नाही, एवढं म्हणते आणि पुढे जाते. मला त्यांच्या पक्ष्यांबद्दल बोलायचंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती स्पर्धा आठवत असेल. पोलादपूरला डोळ्यांचं शिबिर भरवायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. पैसे नव्हते. मग कोणीतरी ही टूम काढली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ज्या संघाला जितक्या जातींचे पक्षी दिसतील, तितक्या पटीने बाजारपेठेतले व्यापारी शिबिराला पैसे देणार. मुंबईहून एक संघ आला, टोप्या घातलेला, प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण. पोलादपूरकरांचा एक संघ होता. आणि महाडचे आम्ही तिघं. भाऊसाहेब, मी, आणि जीपवाले रज्जाकभाई. तिघांत मिळून एक दुर्बीण, तीही भाऊसाहेबांनी हप्त्याने घेतलेली.

पहाटे दासगावला खाडीवर गेलो. ओहोटी होती, चिखलावर पक्षीच पक्षी. मी म्हटलं, भाऊसाहेब, ती बघा तुतारी, चिखलात चोच खुपसतेय. ते बघत राहिले. बघतच राहिले. मग म्हणाले, "तुतारी आहे. पण कुठली तुतारी, ते माझं नक्की होत नाही. राहू द्या." रज्जाकभाई वैतागले. "अरे भाऊसाहेब, इथं कोण बघतंय? लिहून टाका की." तर भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "जागेवर खात्री झाल्याशिवाय नोंद नाही." रज्जाकभाई मला हळूच म्हणाले, "बाई, या माणसानं पक्ष्यांचीपण कचेरी केली."

हसा, हसा. त्यांना आवडलं असतं.

तिथून नाते गावच्या शेतांवरून शिवथरच्या खोऱ्यात गेलो. जीप खाली ठेवली आणि चढून वरच्या एका वाडीत पोचलो. खरे पक्षी तिथेच मिळणार होते. धनेश, हळद्या, स्वर्गीय नर्तक, सगळं रान तिथे. भाऊसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, आणि पाच-सहा माणसं येऊन वाटेत उभी राहिली.

रेशनकार्डासाठी कचेरीत जाऊन आलेल्यांनी त्यांना ओळखलं होतं. तेव्हा खाली कारखाने येणार, वर धरण येणार, अशी चर्चा गावोगाव होती. कचेरीचा माणूस दुर्बीण घेऊन डोंगरावर आला म्हणजे काय झालं?

"मोजनी आली," एक जण म्हणाला. "कुनाकुनाची जमीन जानार, सांगा."

भाऊसाहेब म्हणाले, "अहो, पक्षी मोजतोय."

"कचेरीचा मानूस पक्षी मोजाय डोंगर चढतो? आमाला येडं समजता काय?"

आता सांगा, त्यांचं काय चुकलं? मलासुद्धा पटलं नसतं.

त्यांनी आम्हाला अंगणाबाहेर दगडांवर बसवलं. आत बोलावलं नाही. आडनावं कळली होती, ते कारण इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. रज्जाकभाईंचा पारा चढत होता. पण भाऊसाहेब असे बसले जणू त्यांना दिवसभर दुसरं कामच नव्हतं. म्हणाले, "आज मला जमिनीबद्दल काही माहीत नाही. माहीत झालं तर मी स्वतः वर येऊन सांगेन. खोटं सांगणार नाही." आणि गळ्यातली दुर्बीण काढून पुढे केली. "तुम्हीच बघा, यात काय दिसतं ते."

मग काय, सगळी वाडी दुर्बिणीला लागली. समोर दरीपलीकडे दुसरी वाडी आहे. तिथली माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं जवळ आलं. हशा पिकला. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "भागामावशीला द्या रे, तिची लेक दिसतेय अंगनात."

भागामावशीची मुलगी त्या पलीकडच्या वाडीत दिली होती. मावशीने दुर्बीण धरली. सगळे विचारतायत, दिसली काय, दिसली काय. मावशी म्हणाली, "धुकं हाय रं."

भर दुपारचं ऊन होतं. धुकं कुठलं?

भाऊसाहेब जवळ गेले. त्यांनी दुर्बिणीचं चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणूनच तिला दरी उतरता येत नव्हती, लेकीच्या घरी जाता येत नव्हतं. भाऊसाहेबांनी शिबिराचं नाव काढलं आणि माणसं मागे सरली. "तितं डोळे काढून घेतात म्हनं," मावशी म्हणाली. ती अफवा सगळीकडेच होती.

रज्जाकभाईंनी मला सूर्य दाखवला. डोक्यावरून धनेशाची जोडी पंखांचा आवाज करत गेली. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही. ते मावशीशी बोलत होते. ऑपरेशन कसं करतात, पट्टी किती दिवस ठेवतात, चष्मा कसा मिळतो. ती तेच तेच विचारत होती, ते तेच तेच सांगत होते. शेवटी म्हणाले, "मावशी, तुम्ही चला. मी तिथे तुमच्या शेजारी बसतो." ऊन उतरलं तेव्हा आम्ही उठलो.

संध्याकाळी आमचा नंबर शेवटचा लागला. पेठेतल्यांनी टर उडवली, कचेरीची गती म्हणून. मी धनेशांचं बोलले, तर भाऊसाहेब म्हणाले, "मी बघितले नाहीत बाई. कसे मोजणार?"

शिबिराला त्या वाडीतून मावशी आली, आणि तिच्या मागून आणखी माणसं आली. भाऊसाहेब रजा टाकून तिच्या खाटेशी बसून होते.

मावशीला चष्मा मिळाला तेव्हा आम्ही तिघं पुन्हा वर गेलो. या वेळी मावशीने आम्हाला ओटीवर बसवलं. भाऊसाहेबांनी दुर्बीण दिली. पलीकडे लेक अंगण सारवत होती. मावशी बघत राहिली. तिने रडावं, हसावं, अशी आम्ही वाट बघतोय. मग म्हणाली, "लुगडं पार विटलंय गो तिचं. माज्याकडं येते तवा नवं नेसून येते."

आणि ती उठली. आत गेली, पेटीतलं लुगडं काढलं, काखेत मारलं, आणि दरी उतरायला लागली. किती वर्षांनी, कोणाला ठाऊक. भाऊसाहेबांनी चपला घातल्या आणि तिच्या पुढे पुढे उतरायला लागले, पाय कुठे ठेवायचा ते दाखवत.

मित्रहो, मला भाऊसाहेब तसे आठवतात. मी वरून बघत होते, रानातून दोघं दिसत होते, दिसेनासे होत होते, पुन्हा दिसत होते. आता मी थांबते. आपण सगळे उभे राहू या, आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नये.