दोन मीटर आणि एक भिंत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले आरोग्य अधिकारी साहेब, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

साहेबांच्या कर्तृत्वावर बोलायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत. साथीच्या काळात त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जे अ‍ॅप घालायला लावलं, त्यालाच ती पुरायची नाहीत. रुग्णापासून दोन मीटरच्या आत पंधरा मिनिटं फोन राहिला, की अ‍ॅप तुम्हाला लाल ठरवायचं. मग मी, नर्स असूनही, दिवसभर फोन करत बसायची: चौदा दिवस घराबाहेर पडू नका. केवढी अचूक यंत्रणा! तिला सगळं दिसायचं, फक्त भिंत दिसत नव्हती.

माझ्या थोरल्या वहिनी शिवणकाम करतात. त्यांचा फोन मशीनशेजारच्या फळीवर चार्जिंगला असायचा. फळीमागे भिंत, भिंतीमागे शेजाऱ्यांची खाट, खाटेवर रुग्ण. झालं, वहिनी लाल! फोन मलाच करावा लागला.

"अगं, महिनाभरात मी त्या घराची पायरी चढले नाही," त्या म्हणाल्या.

मी साहेबांकडे धावले. साहेब हसून म्हणाले, "सिस्टर, माणूस खोटं बोलतो, यंत्र कशाला बोलेल?"

नवव्या दिवशी वहिनींची आई गेली. दोन गल्ल्या पलीकडे. वहिनींनी फोनवर विचारलं, "लांबून तोंड तरी बघून येऊ का गं?" मी नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम! त्याची लाज मला अजून वाटते. पुढे तपासणीत कळलं, वहिनींना रोग शिवलाही नव्हता.

असो. साथ संपली की तीस दिवसांत सगळ्या नोंदी पुसू, असा शब्द साहेबांनी याच सभागृहात दिला होता. टाळ्या आपणच वाजवल्या. त्याला तीन वर्षं झाली. आणि आजच्या समारंभाचं आमंत्रण आपल्याला कशावर आलं? त्याच अ‍ॅपवर! वहिनींच्या नावापुढे तर अजून लाल ठिपका आहे.

साहेब, उद्या तुम्ही कारभार सोपवाल. नवा माणूस त्या नोंदींचं काय करील, तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. आज संध्याकाळपर्यंत पासवर्ड तुमचाच चालतो. वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. संगणक मी त्या टेबलावर सुरू करून ठेवला आहे. पुष्पगुच्छ नंतर देऊ.

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने माफ करा.

या साहेब, खुर्ची ठेवली आहे.