टोपलीसकट अडीच किलो

काटोलच्या कौशल्याबाई सून रितिकाबरोबर नागपूरच्या दवाखान्यात बाळाचं वजन करायला आल्या होत्या. मागच्या बाकावर भैरवी आपल्या नंबराची वाट पाहत कान देऊन बसली होती.

“महिनाभर आधी आलं माह्यं लेकरू. अडीच किलो भरल्याबिगर बारसं नाही, नाव नाही!”

“आई, बाबांच्या संत्र्याच्या काट्यावर पंधरा दिवसांपूर्वीच अडीच भरला ना.”

“टोपलीसकट वं!”

“दोन किलो सहाशे,” काट्यापाशी नर्स म्हणाली.

“अवं माय! पुन्हा पाहा बाई!”

“तेवढंच आहे, आजी. फाईलवर अजून ‘बेबी ऑफ रितिका’च आहे. नाव काय लिहू?”

“बारसं व्हायचं आहे,” रितिका म्हणाली.

“लिवा, दुर्गेश! एकटी असली की मी त्याले पहिल्या दिवसापासून हेच म्हणून राहिली.”