पाळण्याखालचा काळा कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वनसंशोधन संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते लाकूड संग्रहालयाचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, ही जुनी वास्तू पाहायला मुद्दाम बाहेरून आलेले पाहुणे आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांबद्दल चांगलं बोलायचं, एवढंच काम मला दिलं आहे. तसं सोपं. तरी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. म्हणून कागदाशिवाय तशीच उभी आहे.

पाहुण्यांनी सकाळी आवार पाहिलं. ते लांबच लांब व्हरांडे, बियांचं दालन, किड्यांचं दालन, झाडांच्या रोगांचं दालन. लाकडाचं दालन चहानंतर ठेवलंय. तिथं एका अजस्र खोडाची चकती उभी आहे. तिच्यासमोर आलेला प्रत्येकजण आपल्या जन्मवर्षाचं वर्तुळ शोधतो. मी संचालक महोदयांनाही शोधताना पाहिलंय. हसू नका, आपण सगळ्यांनीच शोधलंय. चकतीमागच्या कपाटांत लाकडाचे साधे, वीतभर तुकडे आहेत. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. पण त्यातल्या काही झाडांचं जंगल आता पृथ्वीवर कुठंच उरलेलं नाही. त्या झाडांचं जे काही शिल्लक आहे, ते त्या कपाटात.

सर ते कसे सांभाळायचे? रोज दार उघडण्याआधी गळ्यात स्टेथोस्कोप घालून एकटे आत जायचे. विद्यार्थी म्हणायचे, डॉक्टर राउंडला निघाले. आत किडा पोखरत असेल तर त्याची कुरकुर ऐकू येते. शिवाय प्रत्येक वस्तूखाली काळा कागद. चिमूटभर भुसा पडला तरी काळ्यावर उठून दिसतो. आणि बाहेरचं लाकूड आत येणार नाही म्हणजे नाही. आलंच, तर आधी किडा मारायला तापवण्याच्या खोलीत. एकदा एका बड्या पाहुण्यांची काठी सरांनी दारातच ठेवून घेतली. पाहुणे म्हणाले, "अहो, मी पडलो तर?" सर म्हणाले, "मी आहे ना धरायला." आणि सगळं दालन त्यांना हाताला धरून दाखवलं!

असा माणूस. आता पुढचं सांगते.

गेल्या वर्षी सरांनी इथलं क्वार्टर सोडलं. नवं घर लहान. ज्यात दोन्ही मुलं वाढली तो पाळणा कुठं ठेवायचा? वहिनी म्हणाल्या, "जगाची लाकडं सांभाळता, घरचं एक सांभाळा की." सरांनी पाळणा आणून चकतीच्या बाजूला ठेवला. शाळेची पोरं आली की त्याला हमखास झोका द्यायची. तापवण्याच्या खोलीत मात्र तो गेला नाही. आम्हीही कुणी विचारलं नाही. सरांच्या घरचं लाकूड, त्याला काय विचारायचं?

गेल्या आठवड्यात सर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "मॅडम, जरा चला. माझे कान वाजताहेत बहुतेक." पाळण्याखालच्या काळ्या कागदावर पिवळसर पीठ पडलं होतं. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला आणि दुसरं टोक पाळण्यावर ठेवलं. मग चकतीवर. माझ्या तोंडाकडे बघत होते. "काही नाही ना? सांगा ना, काही नाही म्हणून."

मला ऐकू येत होतं. दोन्हीकडे.

आम्ही दोघं संचालक महोदयांकडे गेलो. दालन महिनाभर बंद करून धुरी द्यावी लागेल, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात शताब्दी आहे. तोवर झाडून घ्या." साहेब, तुमच्या समोरच बोलते आहे, मागे नाही. तुमचीही अडचण खरी आहे. आमंत्रणं गेली आहेत. पण हेच दिवस किड्यांनी भोकं पाडून बाहेर उडण्याचे. चकतीपासून ती कपाटं किती लांब? शताब्दीला आपण पाहुण्यांना काय दाखवणार आहोत?

हे बोलण्याची ही जागा आहे का? रात्रभर स्वतःला हेच विचारलं. उद्यापासून दालन माझ्याकडे येतं. मग हे मी त्या तुकड्यांसाठी बोलते आहे, की उद्या ठपका माझ्यावर नको म्हणून? दोन्ही असेल. वेगळं करता आलं नाही. शेवटी सरांनाच विचारलं, "तुमच्या निरोपाच्या दिवशी तुमचीच चूक सांगू का?" सर म्हणाले, "सांगा. पण मानपत्र दिल्यावर. आधी बोललात तर देणारा हात आखडेल." मग म्हणाले, "साऱ्या जगाच्या लाकडावर संशय घेतला हो मी. घरच्यावर नाही घेतला."

वहिनींना सगळं ठाऊक आहे. पाळणा जाळावा लागेल हे कळल्यावर त्या काल स्वतः आल्या. रडल्या नाहीत. सरांवर मात्र चिडल्या, "मी बाई माणूस बोलून गेले, तुम्हाला नियम माहीत होता ना?" मग पाळण्याच्या लोखंडी कड्या तेवढ्या सोडवून घेतल्या. लोखंडाला कीड लागत नाही.

पाहुण्यांनो, तुमच्या हातातल्या पत्रिकेत शेवटी 'लाकूड संग्रहालय दर्शन' छापलंय. ते होणार नाही. दाराला कुलूप लावून फटींवर बाहेरून कागद चिकटवून आले आहे. त्या कड्या आत्ता वहिनींच्या पर्समध्ये आहेत आणि दालनाची किल्ली माझ्या. साहेब, मागितलीत तर तुमच्या हाती द्यावीच लागेल. पण मग माझ्याकडून नुसती किल्ली घेऊ नका, आधी हा स्टेथोस्कोप कानाला लावा. सरांनी आज सकाळी तो मला दिला.

तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. सर, वहिनी, तुमच्या दिवसावर मी सावली पाडली, पोटात घ्या. कुणाचा मान राखण्यात कमी पडले असेन तर तीही चूक माझीच. चहा व्हरांड्यात ठेवला आहे.