इंजिनाचं पाणी पडेपर्यंत

मंडळी, बसा. धक्क्यावर सावली थोडी आहे, तेवढी बायकांना आणि म्हाताऱ्यांना द्या. आपण पुरुष उन्हात उभे राहू.

मला बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सुकाणू धरणारा माणूस. लाँचच्या मागच्या टोकाला उभं राहून ओरडायची सवय, असं माणसांच्या तोंडाकडे बघत बोलायची नाही. त्यात मी फार दमलोय. सखाराम गेल्यापासून धड झोप नाही. पण लाँचचे मालक शेठ म्हणाले, तांडेल, तुमच्याइतका त्याच्या जवळचा कोण होता, तुम्हीच बोला. म्हणून उभा आहे.

आपला इंजिनवाला सखाराम तापाने गेला. शेवटच्या फेरीलाही अंग फणफणत होतं. तरी रत्नागिरीच्या बाजूने माणसं आणली, लाँच धक्क्याला लावली, आणि इंजिनाशेजारीच खाली बसला. मग उठला नाही. आपण उचलून घरी नेला.

हे इंजिन आपल्याकडे आलं तेच म्हातारं होऊन. मोठ्या लढाईनंतर मुंबईत कुणीतरी मोडीत काढलेलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे भर खाडीत आपला घात करील. सखा म्हणाला, "तांडेलदादा, ह्याला फक्त गार ठेवा. म्हाताऱ्याचं डोकं तापलं नाय तर बिचारं काम करतं."

गार ठेवा. बोलायला किती सोपं. खाडीचं पाणी नळीने आत ओढायचं, इंजिनाभोवती फिरवायचं, बाजूच्या भोकातून बाहेर टाकायचं. एवढंच. पण त्यासाठी रोज सकाळी बुडी मारून नळीच्या तोंडाची जाळी साफ करायची. पंपाचं चामडं खोबरेल तेलात मुरवून मऊ ठेवायचं. आणि संध्याकाळी खारं पाणी सगळं काढून आतून गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मिठाचा थर बसतो. रोज, मंडळी. सणासुदीलाही.

वैशाखात विहिरी मचूळ होतात. तेव्हा ह्या गोड्या पाण्यावरून किती बोलणी खाल्ली त्याने. आपणच बोललो ना? माणसांना प्यायला नाही आणि हा लोखंडाला पाजतोय. वहिनी तर चिडून म्हणायच्या, "माझ्या सवतीला आधी, मग मला." पण स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यातली कळशी वहिनीच बाजूला काढून ठेवायच्या. सखा ती डोक्यावर घेऊन यायचा. गावात कुणाकडे त्याने घोटभर मागितलं नाही.

त्या लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट आठवते का? जाळीत शेवाळ अडकलं, इंजिन तापलं आणि सखाने भर खाडीत बंद केलं. नवऱ्यामुलाचा मामा ओरडायला लागला, ओत की वरून पाणी, मुहूर्त टळतोय. सखा शेवाळ काढून आला आणि विडी पेटवून बसला. म्हणाला, "आता गार पाणी ओतलं तर इंजिन तडकेल मामा, मग पुढचे सगळेच मुहूर्त टळतील. निवू दे त्याला आपल्या मनाने." मामा धुसफुसत बसला. वऱ्हाड उशिरा पोचलं, पण पोचलं.

आता मी जे सांगणार आहे ते ऐकून रागावू नका. सखा गेला, आपल्याला वाईट वाटलं, आपण लाँच बांधून ठेवली. त्याच्या मानाखातर इंजिनाला कुणी हात लावायचा नाही, असं ठरवलं. वर झेंडूचा हार घातला. सखाने बघितला असता तर खाडीत भिरकावला असता. कारण शेवटच्या फेरीचं खारं पाणी तसंच आत राहिलं. ते काढायची आठवण एकालाही झाली नाही. आपण हार घातला आणि इंजिन कुजत ठेवलं.

काल शेठ म्हणाले, इंजिन चाललं नाही तर भंगारात देतो. त्यांचंही चुकत नाही. पण मग आजाऱ्याला पलीकडे दवाखान्यात कसं न्यायचं? पुन्हा वल्ह्यांची होडी, आणि ओहोटी लागली की बसा वाट बघत. खरं सांगतो, मलाही वाटलं, संपवा एकदाचं. माझे खांदे गेलेत. सुकाणू सोडावं आणि ओटीवर पडून राहावं.

तरी हाताला राहवेना. इंजिन उघडलं. खालचा कॉक सोडला तर गंजाचं तांबडं पाणी आलं. पंपाचं चामडं वाळून कडक झालेलं. ते तेलात घातलं. गोडं पाणी कुठून आणावं ह्या विचारात होतो, तर आज सकाळी वहिनी कळशी घेऊन धक्क्यावर हजर. मी म्हटलं, वहिनी, सुतक आहे, तुम्ही कशाला आलात? म्हणाल्या, "इंजिनाला कसलं सुतक भावोजी? त्याला तहान लागली असेल." मला तिथे रडू आलं. लाजत नाही सांगायला.

तर आता इंजिन धुतलंय, चामडं बसवलंय. सुरू व्हायला लागतं तेवढंच बत्ती लावून डोकं तापवलंय. हार मी काढला.

इंजिनाचं चाक फिरलं की सखा काय म्हणायचा, ते लाँचमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. बाजारकरणी असोत की कचेरीतले साहेब, सगळे गप व्हायचे. धडधडीतून पाणी पडल्याचा आवाज आला की तो त्याखाली हात धरायचा. हाताला सोसवलं की माझ्याकडे बघून मान हलवायचा. मग मी दोर सोडायचो.

उभे राहा सगळे. किती वेळ, ते मी सांगत नाही. पाणी पडेपर्यंत. पडलं तर उद्यापासून फेरी सुरू, आणि गोड्या पाण्याची कळशी रोज एकेका घरातून येईल. नाही पडलं तर शेठ म्हणतात तसं.

वहिनी, पुढे या. भोकाखाली हात तुम्ही धरा. सोसवलं तर मला मान हलवून सांगा.

सखा, रामराम घे बाबा. मी चाक फिरवतो.

गप ऱ्हा जरा सगळी.