वीस मिनिटं वजा

…छान आहे! म्हणा, तुम्हीही म्हणा! आजवर ज्यानं ज्यानं हे मनगट बघितलं त्यानं पहिलं हेच म्हटलंय, वा, छान आहे की घड्याळ, दोन दोन तबकड्या! आहेत ना, दोन आहेत, मोजून घ्या. वरची मोठी, ती आपण जिथे असू तिथली वेळ. खालची डाळीएवढी, ती घरची वेळ. दोन्हींची किल्ली वेगळी, काटे वेगळे, नखरे वेगळे. तुम्हाला सांगतो, एकच वेळ पाळताना ज्याच्या तोंडाला फेस येतो ना, त्यानं दुसरी वेळ मनगटावर बांधून परदेशात जाऊच नये! मी गेलो. पाच आठवडे गेलो. आणि आता लोक विचारतात, 'काय झालं, बंद पडलं का?' अहो बंद पडलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं! घड्याळ बरोबर चालतं. तीच तर बोंब आहे!

हे दिलं कुणी? मेहुण्यानं. दुसरं कोण देणार? मी फिटर माणूस. रंगाचे डबे भरायचं मशीन असतं ना, खालून डबा येतो, वरून रंग पडतो, झाकण बसतं, ठप्प, ते आमची कंपनी बनवते आणि मी ते लोकांच्या कारखान्यात जाऊन बसवून देतो. वीस वर्षं देशातल्या देशात बसवली, कुणी साधा रुमाल नाही दिला. साहेब म्हणाले, परदेशात बसवायचंय, की लगेच मेहुणा डबी घेऊन हजर! 'दाजी, आता कुठेही जा, घरची वेळ तुमच्या हातात!' हातात… असं म्हणून त्यानं ते माझ्या हातात बांधलंसुद्धा, आणि स्वतःच मागे सरकून बघत बसला, जशी काही माझ्या मनगटाला नोकरी लागली होती!

आता आमच्या घरची वेळ. इथे जरा नीट ऐका, कारण घोडं इथेच पेंड खातं. आमचे वडील एकतीस वर्षं गिरणीत टाइमकीपर होते. म्हणजे गेटवरच्या खिडकीत बसायचं, भोंगा झाला की खिडकी बंद. मग बाहेर सख्खा भाऊ उभा असो, नाहीतर गिरणीमालकाचा जावई असो! 'उद्या वेळेवर या.' बस्स. एवढंच बोलायचे. असा माणूस घरात असल्यावर घरातलं घड्याळ बरोबर असेल का? छे! वीस मिनिटं पुढे. मी पहिलीत होतो तेव्हापासून पुढे. आणि गंमत बघा, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक की ते वीस मिनिटं पुढे आहे, त्यामुळे घड्याळाकडे बघायचं, मनात वीस मिनिटं वजा करायची आणि पुन्हा आरामात लोळायचं! म्हणजे एवढा उपद्व्याप करून कुणाला काही फायदा? शून्य! पण सवय अशी लागली की आमच्या घरातलं तान्हं मूलसुद्धा वीस मिनिटं वजा करून मग रडतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होतो आणि बायको ओट्याजवळ, त्याच भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहून, खालच्या तबकडीची किल्ली फिरवत होती. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं! मग मी काय समजायचं? सांगा ना, तुम्ही काय समजला असता? खालची तबकडी वीस मिनिटं पुढे! विचारायचं काय त्यात? लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर माणूस बायकोला काही विचारतो का?

आणि विचारण्याच्या मनःस्थितीत होतो कुठे मी! बाहेरच्या खोलीत वडील बसले होते. हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, तारीख डॉक्टर रोज पुढे ढकलतायत. वडील म्हणाले, "ऑपरेशन होऊ दे. मग जा." एवढंच. साधं वाक्य. आणि मी… कुठून सुचलं देव जाणे… मी म्हणालो, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांना गेटबाहेर उभं केलंत, आता मलाही करा!" बोललो. आवाज चढवून बोललो. त्यांनी फक्त चष्मा काढला आणि पुसत बसले. सकाळी मी निघालो तेव्हाही ते चष्माच पुसत होते. जाताना मी 'येतो' म्हणालो नाही, त्यांनी 'ये' म्हटलं नाही.

असो. गेलो. तिथला कारखाना रंगाचा, हवेत नुसता थिनरचा वास, ठिणगीची भीती, म्हणून फोन गेटवर जमा! बंद करायचा, डब्यात टाकायचा, बिल्ला घ्यायचा. गेटपासून मशीनपर्यंत सात मिनिटं चाल. फोन करायचा तर बूट बदला, अंगावरचा डगला उतरवा, चालत जा, बिल्ला द्या, रखवालदार डबा शोधणार… म्हणजे आत काम करताना माणसाला आधार कुणाचा? या शहाण्याचा! वर बघायचं तिथली वेळ, खाली बघायचं घरची वेळ, आणि ओठ हलवत वीस मिनिटं वजा करायची. तिथला फोरमन रोज माझ्या ओठांकडे बघायचा. त्याला वाटलं, हा प्रार्थना करतो. एकदा मी जेवायच्या घंटेनंतर जवळजवळ चार तासांनी जेवायला गेलो, चुकून खालच्या तबकडीवर गेलो होतो, तर तो त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत काय म्हणाला माहितेय? 'मिस्तरी, तुझ्या हातावर दोन वेळा. माझ्या कारखान्यात एक.' थंड भात खाल्ला त्या दिवशी, गुपचूप. घड्याळ बरोबर चालत होतं. तीच तर बोंब!

आणि मुलगी! मुलगी सातवीत. तिची शाळेची बस सव्वासातला येते. मी ठरवलं, रोज घरचे सात वाजले की आपण चहाची सुट्टी घ्यायची, गेटवर जायचं, पोरीशी पाच मिनिटं बोलायचं. पहिल्या दिवशी फोन केला, बायको म्हणते, "अहो, आत्ताच गेली." दुसऱ्या दिवशी, "आत्ताच गेली." तिसऱ्या दिवशी, "काय हो, आत्ताच…" मी म्हटलं, ही बस हल्ली लवकर येते! बायको म्हणाली, "येत असेल बाई, मला सकाळी कुठे भान असतं!" मग मी काय केलं? बसवाल्याचा नंबर मिळवला. परदेशातून! रखवालदारासमोर उभं राहून त्या बसवाल्याला असा झापला, असा झापला… तो बिचारा म्हणतोय, "साहेब, मी सव्वासाताच्या आधी कधीच हलत नाही हो." मी म्हटलं, खोटं बोलतोस! लाज नाही वाटत! त्याला नाही वाटली. मला आता वाटते, रोज सव्वासातला, त्याच्या बसचा हॉर्न वाजला की.

मग चौथ्या आठवड्यात तारीख ठरली. सकाळी नऊला ऑपरेशन, पावणेनऊला आत नेणार. आणि बायको फोनवर म्हणाली, "बाबा म्हणतायत, त्याला साडेआठला फोन करायला सांग. मला बोलायचंय." अहो, मी तिला तीनदा विचारलं, खरंच असं म्हणाले? बाबा? बोलायचंय म्हणाले? ज्या माणसानं आयुष्यात फोन कानाला लावला की आधी 'बरं, ठेवतो' म्हटलंय, तो म्हणतो बोलायचंय! "साडेआठला," ती म्हणाली, "आधी नको, नंतर नको. आधी केला तर डॉक्टर असतील म्हणाले."

त्या दिवशी मी सकाळपासून काही गिळलं नव्हतं. बाराची घंटा झाली, सगळे जेवायला गेले, मी खाली बघितलं. साडेआठ. म्हणजे वजा वीस… आठ दहा! वीस मिनिटं हातात! मी म्हटलं, वा, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या आधी मी तयार. एका उलट्या पिंपावर बसलो आणि वाक्य पाठ करायला लागलो. 'बाबा, त्या दिवशी मी जे बोललो ते…' नको. 'बाबा, माझं चुकलं.' हे बरं. पण हे पहिलं म्हणायचं की तब्येत विचारून मग? दहा मिनिटं त्यातच गेली. फोरमन डबा घेऊन जाताना थबकला, म्हणाला, 'प्रार्थना?' मी म्हटलं, हो. आज पहिल्यांदाच खरोखर होती.

मग चालत गेलो. शांतपणे. बूट बदलले, फोन घेतला, चालू केला. फोनवर बारा वीस. आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, दोन देशांत फरक साडेतीन तासांचा, वीस वर्षं मशिनी बसवतोस, बारा विसातून साडेतीन तास वजा करता येत नाहीत? येतात हो! पण ती वजाबाकी करायची असती तर मनगटावर दुसरी तबकडी कशाला बांधली असती! मी आपली माझी वजाबाकी केली. खाली आठ पन्नास, वजा वीस, साडेआठ. ठोक्याला! फोन लावला.

बायकोनं उचलला. म्हटलं, "दे बाबांना." ती म्हणाली, "नेलं हो त्यांना."

"नेलं म्हणजे? पावणेनऊला नेणार होते ना!"

"मग पावणेनऊलाच नेलं. पाच मिनिटं झाली."

"अगं आत्ता साडेआठ वाजलेत!"

"कुठे?"

कुठे! काय सांगू, कुठे? मी म्हटलं, "घरी! घड्याळात! खालच्या तबकडीत वीस मिनिटं वजा करून!" आणि ती, तुम्हाला सांगतो, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अहो… मी वजा करूनच लावलं होतं. तुम्हाला परक्या मुलखात रोज हिशेब नको म्हणून."

सोळा वर्षांत या बाईनं एकदा माझा त्रास वाचवला. एकदा! आणि तोही न सांगता! चिडायचं तरी कुणावर? मेहुण्यावर? त्यानं भेट दिली. बायकोवर? तिनं प्रेम केलं. घड्याळावर? घड्याळ बरोबर चालत होतं हो! त्या अख्ख्या भानगडीत एकटं तेवढंच बरोबर चालत होतं.

पुढचं तिनं मग सांगितलं. आठपासून बाबा फोन हातात धरून बसले होते. साडेआठला म्हणाले, "येईल." आठ पस्तीसला म्हणाले, "लाइन लागत नसेल." गेटची खिडकी ठोक्याला बंद करणारा माणूस, दहा मिनिटं माझ्या बाजूनं सबबी सांगत होता! मग ट्रॉली आली. फोन त्यांनी तिच्या हातात दिला. लिफ्टपर्यंत ती बरोबर गेली, पुढे सोडत नाहीत. दार बंद होताना तिनं बघितलं, ट्रॉली ढकलणाऱ्या मामांचा हात धरून बाबा काहीतरी सांगत होते. बराच वेळ सांगत होते, म्हणाली.

ऑपरेशन? झकास झालं! आता जिने चढतात, पेपर वाचतात, माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. परत आलो त्याच दिवशी समोर बसलो, म्हटलं, बाबा, माझं चुकलं. म्हणाले, "हं." म्हटलं, त्या दिवशी तुम्हाला काय बोलायचं होतं? चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "ते तेव्हाचं होतं." बस्स! खिडकी बंद! त्यानंतर चार वेळा विचारलं. एकदा तर म्हणाले, "उद्या ये." एकाच घरात राहतो आम्ही!

शेवटी मी दवाखान्यात गेलो. त्या ट्रॉलीवाल्या मामांना शोधलं. लिफ्टपाशी स्टुलावर बसले होते, साठीचे असतील. तारीख सांगितली, वेळ सांगितली, बाबांचा चष्मा, टक्कल, उंची, सगळं सांगितलं. म्हटलं, मामा, आठवा ना, काय म्हणाले होते ते? मामा म्हणाले, "भाऊ, रोज पंधरा जण नेतो मी वर. लिफ्टचं दार लागलं की प्रत्येक जण काही ना काही बोलतोच. कोण बायकोचं, कोण जमिनीचं." मग जरा डोकं खाजवून म्हणाले, "त्या आठवड्यात एक जण म्हणत होते खरं… माझ्या पोराला सांगा, मी रागावलेलो नव्हतो, मला फक्त भीती वाटत होती. पण ते तुमचेच वडील होते की दुसऱ्या कुणाचे, तेवढं नाही सांगता यायचं."

मी म्हटलं, राहू द्या मामा, आमचेच होते असं धरून चालतो.