नाशिक अकरा

वेळ रात्री साडेसातची. जागा पिंपळवटच्या कालव्याकाठचा सिमेंटचा सायकलमार्ग. दिवे? उद्घाटनाच्या दिवशी लागले होते, तेवढेच!

तर ऐका. शेवटची एसटी आलीच नाही, म्हणून सुलभा नाठे सायकलवर एकटी निघाली. सकाळी सहाला नाशिकच्या मैदानावर पोलीस भरतीची धावणी. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती. बाप कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारा. तो म्हणाला, "हवालदारीणबाई, पहाटे जा की."

"आणि पहाटे पंक्चर झाली तर?" म्हणाली, अन् गेली!

'नाशिक ११' असा दगड आला. तिथं एक म्हातारा उभा. "ताई, पुढच्या दगडापर्यंत डबलसीट घेता का?"

"बसा. पाय वर घ्या, चाकात जातील."

इथं चुकली, बघा! मारले पायडल. दगड आला. नाशिक ११. आणखी मारले. पुन्हा अकरा! कॅरिअर जड झालं, ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं. मग दोन पोती. वळून बघते, तर मागं कुणीच नाही!

दुसरं कुणी तिथंच बसून रडलं असतं. ही पाटकऱ्याची लेक. हा कालवा नाशिककडेच वाहतो, हे तिला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक. पाणी अजून उजव्या हातालाच होतं, म्हणजे वाट बरोबरच दिसत होती. तिनं लिंबाची डहाळी तोडली, पाण्यात टाकली, वर मोबाईलचा उजेड धरला. डहाळी चालली मागं! म्हणजे हीच उलटी निघाली होती.

तिनं सायकल वळवली. लगेच पाठीमागून बापाचा आवाज. "सुलभा, वाट चुकलीस. सरळ जा."

"माझा बाप मला सुलभा म्हणतच नाही! उतर खाली!"

तोच मागचं चाक कुणीतरी धरलं. गच्च! तिनं सायकल दिली सोडून आणि पाणी वाहतं त्या दिशेनं धूम ठोकली. मागं पावलं. अगदी पाठीशी! ती थांबली नाही. शहराचे दिवे दिसले तेव्हा कुठं पावलं बंद पडली. सकाळी सहाला ती मैदानावर हजर होती. धावली, आणि निवडलीही गेली.

तुम्ही मात्र अंधारात ती वाट धरू नका. मला भित्रा म्हणा, चालेल.

आठवड्यानं कालव्याचं पाणी बंद झालं. सायकल वाटेवर कुठंच सापडली नव्हती, म्हणून बाप शोधायला कालव्यात उतरला. गाळातून चार निघाल्या. एक सुलभाची. उरलेल्या तिन्हींचा पंचनामा झाला, पेपरात फोटो आले. त्या कुणाच्या, हे अजून एकाही गावानं सांगितलेलं नाही.